निर्दोष आतडं

माझ्या थोरल्या बहिणीला केसाचे उभे पंधरा काप करायला सांगितले असते, तर तिने ते केले असते आणि सोळावा कुणाला हवाय का, असंही विचारलं असतं. बढाई मारत नाही, तिचं कामच ते. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतील अशा खोलीत ती माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे कापायची. वरून तुकडा आला की तो मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा बर्फावर गार करायचा, यंत्राच्या पात्यासमोर अडकवायचा आणि चाक फिरवायचं. फुंकर मारली तर उडेल अशी पातळ फीत निघायची. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुती न पडू देता काचेवर उचलायची, मग रंगवायची. गुलाबी आणि जांभळा. ती काच वरच्या डॉक्टरांकडे गेली की कुणाला कॅन्सर आहे आणि कुणाला नाही ते ठरायचं. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. सुरकुती पडली तर बोलणी ताईला.

अशा या बाईचं पोट नऊ वर्षं दुखत होतं, आणि नऊ वर्षं आम्ही सगळे मिळून तिला खोटं पाडत होतो. सगळ्यांत पुढे मी.

सुरुवात अगदी साधी होती. हॉस्पिटलने आपल्याच लोकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं आणि दुपारचं जेवण बाहेरून मागवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीस जण आडवे झाले, त्यांत ताईही. ताप, उलट्या, जुलाब. हॉस्पिटलचेच लोक हॉस्पिटलमध्ये भरती झाले म्हणून बाहेर हसू झालं. आठवड्याभरात एकोणचाळीस जण कामावर परतले. ताईही परतली. ताप गेला, जंतू गेले, तपासण्या स्वच्छ आल्या. पोट तेवढं राहिलं. आगंतुक पाहुणे घरात भांडण लावून निघून जावेत, तसं झालं.

जेवल्यावर अर्ध्या तासाने सुरू व्हायचं. ती सांगायची, "ओला टॉवेल पिळतात ना, तसं कुणीतरी आतून पिळतंय." मग धावपळ. कुठल्याही नव्या इमारतीत शिरली की तिची नजर आधी संडास कुठे आहे ते बघायची. बसने जायचं असेल तर आदल्या दुपारपासून जेवायची नाही. कामावर मात्र खाडा नाही. पोट एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने चाक फिरवायची, आणि फीत तुटायची नाही.

तिने दाखवलं त्याच हॉस्पिटलच्या पोटाच्या डॉक्टरांना. भला माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. रक्त, मल, सोनोग्राफी, सगळं झालं. सगळं चांगलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच. भाऊ जवळच राहतो."

"लग्न?"

"नाही केलं."

"हं," डॉक्टर म्हणाले.

त्या एका 'हं'चा मला आजही संताप येतो. ते 'हं' तिच्या फाइलमध्ये उतरलं आणि चांगलं तीन शब्द लांब झालं: 'एकाकी, चिंताळू स्वभाव.' पुढे ती ज्या ज्या डॉक्टरसमोर बसली, त्याने आधी ते तीन शब्द वाचले आणि मग तिच्याकडे बघितलं. फिरायला जा. छंद लावून घ्या. टेन्शन घेऊ नका. टेन्शन म्हणजे काय, फळीवरचा डबा आहे का, घेऊ नका म्हटलं की हात मागे घ्यायला?

आणि आपली भाषाही अशी बेरकी की ती लोकांच्याच बाजूने. आपल्याकडे पोटदुखी म्हणजे मत्सर. कुणाचं बरं झालं आणि दुसऱ्याचं तोंड कडू झालं की आपण म्हणतो, याच्या पोटात दुखतंय. लॅबमध्ये कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न ठरलं, आणि नेमकी ताई पोट धरून बाहेर गेली, की मागे खसखस पिकायची.

मीही हसलो आहे. आम्ही नवीन घर घेतलं तेव्हाची गोष्ट. पंधरा-वीस माणसं जेवायला बोलावली होती. ताई सकाळपासून आली, पडदे लावले, भांडी पुसली, सगळ्यांना वाढलं. आग्रह झाला म्हणून दोन घास खाल्ले आणि थोड्या वेळाने न्हाणीघरात गेली ती तासभर बाहेर आली नाही. घरात एकच न्हाणीघर, बाहेर माणसं ताटकळलेली. माझ्या सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "धाकट्याचं घर झालं ना, दुखणारच पोट." सगळे हसले. मी यजमान, मलाही हसू आलं. दार उघडलं तेव्हा ताईचा चेहरा पांढराफटक होता, गालावर फरशीच्या नक्षीचा ठसा उठला होता. ती थंड फरशीवर आडवी पडून राहिली होती. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "ताई, तुझं पोट नेमकं माझ्याच दिवशी बरं दुखतं!"

तिने चप्पल घातली आणि गेली. पुढची दोन वर्षं माझ्या घरी ती पाणी सोडून काही घ्यायची नाही.

नवव्या वर्षी पोटाच्या डॉक्टरांनी एकदाचं आतड्यात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. आत काही दिसलं नाही. रिवाजाप्रमाणे अस्तराचे चार बारीक तुकडे काढले आणि बाटलीत घालून लॅबला पाठवले. लॅब म्हणजे ताई. दुसऱ्या दिवशी तिच्याच टेबलावर तिच्याच नावाची बाटली. सोबतची दुसरी मुलगी म्हणाली, "मी कापते, तुम्ही राहू द्या." ताईने ऐकलं नाही.

मी नंतर तिला विचारलं होतं, "स्वतःचं आतडं कापताना कसं वाटलं गं?"

ती म्हणाली, "मेण जरा मऊ होतं. बर्फावर जास्त वेळ ठेवावं लागलं."

रिपोर्ट आला: 'आतड्याचे अस्तर निर्दोष.' लॅबच्या प्रमुख डॉक्टरांनी तो कागद चार लोकांसमोर तिच्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाले, "अभिनंदन! पोट ठणठणीत आहे तुमचं. आता जरा वरच्या मजल्याकडे बघा." आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. पुन्हा खसखस.

त्या खोलीत एक जण हसली नाही. लॅबमध्ये नुकत्याच आलेल्या तरुण डॉक्टर मॅडम. जेमतेम तिशीच्या, आवाज इतका बारीक की फोनवर लोक म्हणायचे, आईला बोलव. दुपारी त्या खाली ताईच्या टेबलाशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "हे जेवणातून विषबाधा झाल्यावर सुरू झालं का?"

नऊ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! लग्न विचारलं होतं.

मग मॅडमनी तिला जे सांगितलं ते ताईने मला सांगितलं, आणि मला कळलं तसं मी सांगतो. आपल्या आतड्याच्या भिंतीत नसांचं जाळं आहे, कोट्यवधी पेशींचं, डोक्याला न विचारता आपापलं काम करणारं. त्याच भिंतीत पहारेकरी पेशी आहेत. आपण रोज बाहेरचं अन्न आत ढकलतो, म्हणून शरीराच्या पहाऱ्याचा मोठा भाग तिथेच. हे पहारेकरी आणि नसा शेजारी शेजारी राहतात आणि सतत एकमेकांशी बोलतात, रसायनांच्या भाषेत. जंतू आले की पहारेकरी आपली रसायनं ओततात, नसा चाळवतात, आतडं जोरात आवळतं, जुलाब होतात, घाण बाहेर पडते. हे चांगलंच. पण काही माणसांत जंतू गेल्यावरही पहारा उठत नाही. ज्यांना मास्ट पेशी म्हणतात ते पहारेकरी नसांच्या टोकाजवळ ठाण मांडून बसतात आणि साध्या जेवणालाही चोर म्हणून ओरडतात. सारखं ओरडणं ऐकून नसा हळव्या होतात. मग पोटात घासभर अन्न सरकलं तरी ती नस कळ म्हणूनच वर कळवते.

"आणि हे नेहमीच्या रंगात दिसत नाही?" ताईने विचारलं.

"सहसा नाही. गुलाबी-जांभळ्यात या पेशी गर्दीत हरवतात. नसाही नीट दिसत नाहीत. पेशींना एक आणि नसांना एक, असे वेगळे रंग लावावे लागतात."

"ते दोन्ही आपल्याकडे आहेत. गाठींसाठी वापरतो."

"आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण ताणाबद्दलही सांगते. ताण आला की याच नसा त्या पेशींना चेतवतात. त्यामुळे काळजीने पोट बिघडतं, हे खोटं नाही."

यावर ताई जे बोलली ते मॅडमनी मला पुढे जसंच्या तसं सांगितलं. "मॅडम, काळजीने वाढतं हे मला नऊ वर्षं माहीत आहे. पण काळजी आतड्यापर्यंत जाते ती कुठल्या तरी शिरेतूनच ना? रस्ता शरीरातलाच ना? मग मनाचे खेळ कसले? आणि मला सगळ्यांत मोठी काळजी कशाची होती माहितीये? कुणी विश्वास ठेवत नाही याची."

ताईने रीतसर प्रमुखांकडे जाऊन विचारलं, माझ्या ठोकळ्याचे आणखी दोन काप काढून हे रंग लावू का. प्रमुख म्हणाले, "हौस म्हणून रंग वापरायचे नसतात. रिपोर्ट गेलेला आहे." ताई "बरं सर" म्हणाली आणि खाली आली.

आता इथे कुणाला वाटेल की तिने लपूनछपून काही केलं. मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खोलीचं दार उघडं ठेवून तिने स्वतःचा ठोकळा काढला, दोन काप घेतले, गाठींच्या कापांसोबत ते रंगाला लावले आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं: स्वतःचा नमुना, स्वतःच्या जबाबदारीवर. खाली सही.

तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "ये. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

मी गेलो. मी मीटर दुरुस्त करणारा माणूस, मला त्यातलं काय कळणार? मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी आतड्याची काच लावली. रंग नीट बसतोय ना हे पडताळायला लॅबमध्ये असे तुकडे ठेवलेले असतात. फिकट निळ्या पसाऱ्यात चार-दोन तपकिरी ठिपके, एकमेकांपासून लांब. मग ताईची काच लावली. ठिपकेच ठिपके. मग त्याला लागूनच्या दुसऱ्या कापाची काच, तिच्यात त्याच जागी बारीक तपकिरी दोरे, त्या नसा. मॅडम दोन्ही काचा आलटून पालटून दाखवत होत्या आणि मला आपोआप कळत होतं. जिथे दोरा, तिथे ठिपका. दोऱ्याला खेटून.

मी डोळा वर घेतला नाही. घेता येईना. नव्या घराची फरशी, गालावरचा तो ठसा आणि माझी जीभ, तिन्ही एकदम आठवलं. शेवटी भिंगात बघतच म्हणालो, "ताई, मी त्या दिवशी माणूस नव्हतो."

"नव्हतासच," ती म्हणाली. "ऊठ आता, मॅडमना काम आहे." आणि माझ्या पाठीवर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी.

मॅडमनी निघताना आम्हा दोघांना बजावलं, "हे ध्यानात ठेवा, एवढ्यावरून आजाराचं नाव ठरत नाही. पेशी किती असल्या म्हणजे जास्त, नसेपासून किती जवळ म्हणजे धोका, याचा पक्का नियम अजून नाही. काही लोकांत इतक्याच पेशी दिसतात आणि दुखत नाही. पण 'काहीच नाही' असंही कुणी आता म्हणू नये."

ताईने दोन्ही काचा प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. आठ दिवसांत ताईला मेमो आला. परवानगी नसताना स्वतःच्या नमुन्यावर तपासणी केली. चौकशीला हजर राहा, हवं तर सोबत एक माणूस आणा. सोबतचा माणूस मी.

लांब टेबल, त्यापलीकडे लॅबचे प्रमुख, पोटाचे डॉक्टर आणि कार्यालयातल्या एक बाई लिहून घ्यायला. प्रमुखांनी सुरुवातच केली, "नियम माहीत होता की नव्हता?"

"होता."

"तरी मोडला?"

"मोडला. रजिस्टरला लिहूनच मोडला."

"का?"

"सर, मी चोवीस वर्षं तुम्हाला काचा देते. माझ्या हातच्या कापावर विश्वास ठेवून तुम्ही लोकांच्या छात्या काढायला सांगता, पाय काढायला सांगता. त्याच हाताच्या बाईने पोट दुखतंय म्हटलं तर तुमचा विश्वास बसत नाही. मग मला दुसरा काय उपाय होता? मला जे येतं ते मी केलं."

पोटाचे डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही मनाला लावून घेता. तुमचं दुखणं खोटं आहे असं मी कधी म्हटलं?"

"फाइल आहे ना समोर? वाचा की."

त्यांनी फाइल उघडली, पण वाचली नाही.

"मी वाचते," ताई म्हणाली. "एकाकी, चिंताळू स्वभाव. पहिल्याच पानावर आहे. तेव्हा तुम्ही मला चार मिनिटं ओळखत होतात. चार मिनिटांत माझा स्वभाव कळला, आणि विषबाधा झाली होती हे नऊ वर्षांत कळलं नाही? याच हॉस्पिटलात झाली होती. तुमच्याच वॉर्डात मी चार दिवस पडले होते."

माझ्याने राहवेना. मी उठून म्हणालो, "बायकांचं पोट दुखलं की तुम्हाला—"

"तुम्ही बसा," प्रमुख म्हणाले.

"तू बस," ताईही म्हणाली. ती पुन्हा त्यांच्याकडे वळली. "या दोन काचांनी सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. मॅडमनी मला तसं सांगितलंय. मला एवढंच हवंय की ते तीन शब्द खोडा. आणि दारात पोट धरून येणाऱ्या माणसाला आधी विचारा की हे कधी सुरू झालं, कशानंतर सुरू झालं. लग्नाचं नंतर विचारा. नाही विचारलंत तरी चालेल."

लिहिणाऱ्या बाईंनी मान खाली घातली होती, पण त्यांचं पेन भराभर चाललं होतं. पुढे कळलं की त्यांनी शब्दन् शब्द उतरवला आणि कुणी गाळायला सांगितल्यावर, "चौकशीची नोंद आहे सर, गाळता येत नाही," म्हणाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचंही असंच काहीतरी होतं म्हणे.

निकाल लागला. ताईला लेखी समज. मॅडमना तोंडी समज, त्यांचा दोष एवढाच की त्यांनी काच बघितली. फाइलमधले तीन शब्द खोडता येत नाहीत, नियम नाही. पोटाच्या डॉक्टरांनी त्याखाली एक ओळ लिहिली: 'विषबाधेचा पूर्वेतिहास, दुखणे शारीरिक असण्याची शक्यता.' शक्यता! ताई म्हणाली, "खाली लिहिलंय. वाचणारा आधी वरचंच वाचणार." तिने ती फाइल तिथेच ठेवली आणि मॅडमनी सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्या डॉक्टरांनी तिला पाऊण तास बोलू दिलं. ॲलर्जीवर देतात त्या जातीची गोळी करून बघू म्हणाले, सगळ्यांना लागू पडत नाही हेही सांगितलं. काय खाल्लं की त्रास वाढतो ते तपासून काही पदार्थ बंद केले, आणि एक श्वासाचा व्यायामही दिला. मला वाटलं आता ही भडकणार, पुन्हा तेच म्हणून. पण ती तो रोज करते. "यांनी सांगितलं तो नसेसाठी आहे," म्हणते. "आधीचे सांगायचे तो मला गप्प करायसाठी होता."

सगळं बरं झालं असं नाही. महिन्यातले चार-पाच दिवस अजून वाईट जातात. पण ती बसने तीन तासांचा प्रवास करून मावशीकडे जाऊन आली. आमच्याकडे जेवते, साधं, तिचं तिचं ठरवून. माझ्या सासूबाईंनी एकदा तिच्या ताटात काहीतरी जास्तीचं वाढायला हात पुढे केला, तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं! पाहू देत.

मॅडम वर्षभरात ते हॉस्पिटल सोडून गेल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

प्रमुख डॉक्टर मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला ताईसोबत मीही गेलो होतो. भाषणात त्यांनी ताईला उभं केलं आणि म्हणाले, "या बाईंसारखा हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही." टाळ्या पडल्या. ताई लगेच खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तिच्या घरी आल्यावर मी म्हटलं, "अगं, कौतुक केलं तुझं. निदान हसायचंस तरी."

"कशाला?" ती म्हणाली. "हात बघितला त्यांनी. माझ्या काचा दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून होत्या, त्या नाही बघितल्या." आणि दुसऱ्या दिवशी आठला कामावर जायचं म्हणून डबा घासायला घेतला.